दीर्घ उकार

नेरूळमध्ये कुणाचंच काही नसतं.
जमीन सिडकोची, आपण साठ वर्षांचे भाडेकरू,
घर विकायचं तर आधी ना हरकत.
तीन सोसायट्यांचे हिशेब लिहिते मी,
अटी वाचायची सवय डोळ्यांना लागलेली,
तांदळातले खडे दिसावेत तशा त्या दिसतात.

तरी एका अटीवर गाफील राहिले.
मार्चअखेर, ताळेबंद अर्धा,
आणि लॅपटॉप म्हणाला,
तुमचं यंत्र आता पात्र नाही. नवं घ्या.
अकरा वर्षांत ज्याच्या कीबोर्डवरची निम्मी अक्षरं
माझ्या बोटांनी पुसली,
तो अपात्र!

करावे गावातला जितेश तांडेल आला,
हातात हेल्मेट, खिशात पेनड्राइव्ह.
आधी माझे हिशेब बाजूला काढून ठेवले,
मग जुनं उतरवलं, लिनक्स चढवलं.
देवाला फूल चढवतात तसं नाही,
चुलीवर आधण चढवतात तसं.
"पैसे किती?"
"कसले पैसे? मलाही कुणीतरी असंच दिलं."

फुकट म्हणजे कुठेतरी बारीक अक्षरं असणारच.
चष्मा पुसून परवाना वाचायला बसले.
वापरा. उघडून पाहा. बदला. दुसऱ्याला द्या.
अट म्हणाल तर एकच,
पुढे देताना कुलूप लावायचं नाही.
दोनदा वाचलं.
हस्तांतर शुल्काचं कलम शोधलं.
नव्हतं.

खोटं कशाला सांगू, प्रिंटर दोन दिवस रुसला.
वार्षिक सभेची नोटीस हातानं लिहून
बी विंगच्या फलकावर लावली.
जुन्या फाँटमधली पत्रं उघडली तर
कंस, टक्के, उद्गारचिन्हं, नुसतं कडबोळं.
ती अजून सोडवते आहे,
रविवारी, मटार सोलत बसावं तशी.

पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं होतं,
यंत्राचं नाव काय ठेवायचं?
मी जितेशकडे पाहिलं.
तो खिडकीतून खाली पार्किंगकडे बघत होता.
"इथंच आमच्या आजोबांचं मिठागर होतं.
त्या पांढऱ्या गाडीपासून पार कंपाउंडपर्यंत."
आवाजात काही नव्हतं,
वाटसरूला पत्ता सांगावा तसा बोलला.
मी टाइप केलं, मिठागर.
देवनागरी घेईना,
मग इंग्रजी अक्षरांत.

मेनू मराठी केला आणि एका शब्दापाशी अडखळले.
'पुर्ववत करा'.
पहिलाच उकार ऱ्हस्व!
"कुणाला सांगायचं हे?"
"तुम्हीच सुधारा ना, काकू."
मला वाटलं, चेष्टा करतोय.
रात्री ओटा आवरून झाल्यावर
त्यानं दाखवलेल्या चौकटीत लिहिलं,
मूळ शब्द पूर्व. पू दीर्घ हवा.
आपली, कुंदा गांगुर्डे, नेरूळ.
चार दिवसांनी लातूरच्या कुणा चिन्मयीचं उत्तर,
"बरोबर आहे ताई, घेतलं."

पाच आठवड्यांनी अपडेट आलं.
व्हाउचरांचा गठ्ठा सारून मी आधी मेनू उघडला.
पूर्ववत.

मिठागर काही पूर्ववत होत नाही.
आणि आमच्या सोसायटीचा करार संपेल
तेव्हा दोन हजार सेहेचाळीस असेल,
मी बहुधा नसेन.
पण परवा जितेशनं फोटो पाठवला,
त्याच्या आईच्या बचतगटाचा जुना संगणक,
पडद्यावर उघडा मेनू,
धूळ पुसल्याची बोटं काचेवर तशीच.
मी फोटो दोन बोटांनी मोठा केला.
उकार बघितला.

मग उठले.
डी विंगच्या वाघमारेबाईंचा लॅपटॉपही
अपात्र ठरलाय म्हणे.
पेनड्राइव्ह इथंच कुठेतरी होता,
सुईदोऱ्याच्या डब्यात.